सगळे दिवे हिरवे

पाचवी ‘ब’च्या वर्गात शिरल्या शिरल्या अवंती पुंडकरने मुलांकडे पाहिलं नाही, मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिला एकटीला दोष देण्यात काही अर्थ नाही, हल्ली सगळेच शिक्षक असं करतात. मागच्या भिंतीवर, फळ्याच्या अगदी समोर, दिव्यांची एक लांब पट्टी असते. एका मुलाचा एक दिवा. शिकवलेलं समजत असेल तर दिवा हिरवा, मूल गोंधळलं की पिवळा, आणि सगळं डोक्यावरून जात असेल तर लाल. मुलांची पाठ पट्टीकडे आणि शिक्षकाचं तोंड पट्टीकडे, त्यामुळे कुणाच्या डोक्यात काय शिरतंय ते फक्त शिक्षकाला दिसतं. म्हणजे दिसावं, अशी योजना.

सगळे दिवे हिरवे होते. अवंतीने खडू उचलला.

या यंत्रणेला सरकारी भाषेत ‘आकलक’ म्हणतात. मुलांच्या मनगटावर एक मऊ पट्टा असतो, तो नाडी आणि हाताचा घाम मोजतो. छतावरचा कॅमेरा डोळे आणि श्वास पाहतो. मूल कुठे अडलं की त्याची नाडी चुकते, श्वास मध्येच थबकतो. उलट सगळं सरळ उमगत असलं की शरीर सैल आणि संथ राहतं. एवढ्या फरकावरून आकलक मुलाच्या मनातलं ओळखतो, आणि शिक्षकाच्या कानातल्या बोंडातून हळू आवाजात सूचना देतो. ‘तिसऱ्या बाकाकडे पाहा.’ ‘वेग कमी करा.’ ‘उत्तम. पुढे चला.’ नव्या शिक्षकांना हे वरदानच वाटलं. जुन्यांना काय वाटलं ते कुणी विचारलं नाही.

आज अवंतीचा अंतिम पाठ होता. दोन वर्षांचं अध्यापनशास्त्र, पाठांची शेकडो टाचणं, खडूने पांढरे झालेले ओढण्यांचे काठ, या सगळ्याचा निकाल या एका तासिकेवर. पाठ पास झाला तर अध्यापनाचा परवाना मिळणार. पहिल्यांदा ती नापास झाली होती. दुसऱ्या शाळेतल्या सहावीत तिने एक अवघड प्रश्न विचारला, मुलं विचारात पडली, आणि भिंतीवर लाल रंग असा पसरला की परीक्षकांनी पाठ मध्येच थांबवला. हा दुसरा प्रयत्न होता, आणि तिसरा देत नाहीत. लहानपणी अंगणात विटा ओळीने मांडून त्यांना शिकवणारी ही पोरगी. दुसरं काही करायचं तिच्या डोक्यातही कधी आलं नव्हतं.

वर्गाच्या मागे दोन खुर्च्या होत्या. एकीवर परीक्षक डॉ. काळमेघ, मांडीवर आकलकाचे आकडे दाखवणारा छोटा पडदा घेऊन. त्यांच्याही मनगटावर पट्टा होता आणि दिव्यांच्या पट्टीच्या टोकाला त्यांचाही एक दिवा होता. पूर्वीचे परीक्षक मागे बसून डुलक्या काढत, म्हणून हा नियम आला. तोही दिवा हिरवा होता. दुसऱ्या खुर्चीवर अवंतीच्या महाविद्यालयातल्या खोडकेबाई होत्या. मराठीची अध्यापनपद्धती शिकवता शिकवता त्या निवृत्तीला आल्या होत्या, आणि पट्टा बांधून घ्यायला त्यांनी सरळ नकार दिला होता.

तासिकेच्या आधी व्हरांड्यात खोडकेबाईंनी तिला गाठलं होतं.

“काय गं, हा वर्ग रोज इतका हिरवा असतो?”

“हो बाई. सरावाच्या आठवड्यात एकदासुद्धा पिवळा दिवा दिसला नाही,” अवंती हरखून म्हणाली. “माझं नशीबच म्हणायचं.”

“अगं, तुरीचं शेतसुद्धा सगळं एका वेळी हिरवं नसतं.”

“बाई, प्लीज! आज शंका नका ना काढू.”

खोडकेबाईंनी तिची ओढणी सारखी केली. “तुला ती जुनी गंमत सांगितली होती ना मी? तपासणीला साहेब यायचे तेव्हा गुरुजी पोरांना पढवून ठेवायचे. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचे. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. साहेब खूश, गुरुजी खूश.”

“पण आकलकाला नाही ना असं फसवता येत.”

“नसेल येत बाई,” खोडकेबाई म्हणाल्या. “मी आपली जुनी माणूस. एवढंच लक्षात ठेव, प्रश्न विचारला की आपण तोंड मिटायचं. उत्तर पोराच्या पोटातून वर यायला वेळ लागतो. आपल्याला धीर नसतो, म्हणून आपणच ते त्याच्या तोंडात कोंबतो.”

अवंतीने मान डोलावली होती. पण आकलक शिक्षकाच्या गप्प बसण्याला ‘मौन’ म्हणतो आणि त्याचे गुण कापतो, हे तिला ठाऊक होतं. खोडकेबाईंनाही ठाऊक होतं.

पाठ सुरू झाला. प्रस्तावना झाली. तुमच्या घरी कोणती जनावरं आहेत, असं विचारताच सगळे हात वर. हेतुकथन झालं, “आज आपण ‘पाखऱ्या’ हा पाठ अभ्यासणार आहोत” असं सांगून तिने शीर्षक फळ्यावर ठसठशीत लिहिलं. पाखऱ्या हा बैल, गुणवंता त्याचा मालक, आणि बैल आठवडी बाजारात हरवतो, अशी ती साधी गोष्ट. मग तिने मुलांना पुस्तकं मिटायला लावली, कारण आदर्श वाचनाच्या वेळी मुलांची पुस्तकं बंद आणि कान उघडे असावेत. तिने आपलं पुस्तक छातीच्या उंचीवर धरलं आणि वाचायला लागली.

ती वाचायची छान. आवाजाचा चढउतार, विरामचिन्हांची जाण, पात्रांचे वेगळे आवाज, कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. कानात आकलक कुजबुजला, ‘उत्तम. पुढे चला.’ ती एक ओळ पुस्तकात बघे आणि एक नजर भिंतीवर टाके. हिरवं, हिरवं, सगळं हिरवं. तिची छाती हळूहळू सैल झाली.

“‘...फटाक्यांची माळ वाजली तसा पाखऱ्या बिथरला. त्याने एका हिसक्यात दावं तोडलं आणि बाजारातून धूम ठोकली ती थेट’,” तिने पान उलटलं, “‘सलूनमध्ये शिरून खुर्चीवर अंग टाकलं. बारीक कर, तो सलूनवाल्याला म्हणाला, आणि मिशांना हात लावू नकोस. सलूनवाल्याने त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं...’”

आणखी दोन वाक्यं ती तशीच वाचत गेली. मग तिची जीभ अडखळली.

नव्या पुस्तकाची दोन पानं एकमेकांना चिकटली होती. मधलं पान सुटलं होतं. खरं तर सलूनमध्ये शिरला होता तो गुणवंताचा भाऊ, बैल शोधायचं काम टाळून. आणि तिने मात्र भर वर्गात बैलाला सलूनच्या खुर्चीत बसवून त्याचे केस कापायला घेतले होते.

आता बघा. दहा वर्षांची पोरं. बैल सलूनमध्ये जाऊन ‘बारीक कर’ म्हणतो. वर्ग लोळायला हवा होता हसून! निदान एखाद्याने शेजाऱ्याला कोपरखळी मारायला हवी होती, एखाद्याची भुवई उंचावायला हवी होती.

कुणी हललंसुद्धा नाही. सगळ्या नजरा तिच्यावर, चेहरे शांत, हात बाकावर. भिंतीवर एक दिवा बदलला नाही.

‘उत्तम,’ कानातलं बोंड म्हणालं. ‘पुढे चला.’

अवंतीने मागच्या खुर्च्यांकडे पाहिलं. डॉ. काळमेघ पडद्याकडे पाहत समाधानाने मान डोलवत होते. त्यांचाही दिवा हिरवा. खोडकेबाई मात्र खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या आणि चष्म्यावरून थेट तिच्याकडे बघत होत्या.

‘पुढे चला.’

चिकटलेलं पान हळूच सोडवायचं आणि पुढे वाचायचं, एवढंच तर होतं. बाईंशिवाय कुणाला कळलं नव्हतं. कळणारही नव्हतं. पाठ पास, परवाना हातात. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते न पाहिल्यासारखं करणं तिला जमेना. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं.

“सांगा पाहू, पाखऱ्या आता कुठे आहे?”

सगळे हात एकदम वर गेले. काही उजवे होते, काही डावे. तिने पहिल्या बाकावरच्या गजाननकडे बोट दाखवलं. हा गजू मधल्या सुट्टीत आख्खं मैदान डोक्यावर घ्यायचा, पण वर्गात कसा घडीच्या कपड्यासारखा बसायचा. तो उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, “या पाठातून आपल्याला प्राणिमात्रांवर प्रेम करण्याची शिकवण मिळते.”

दिवा हिरवा.

“छान. पण पाखऱ्या कुठे आहे, ते विचारलं मी.”

“पाखऱ्या ही या पाठातील महत्त्वाची व्यक्तिरेखा आहे,” गजू म्हणाला आणि खाली बसला. त्याची नजर तिच्या कपाळाच्या मधोमध खिळलेली होती.

अवंतीला आपली वही आठवली. आठवडाभर हीच उत्तरं ऐकून ती खूश होत आली होती. ‘किती नेमकं बोलतात मुलं,’ असं तिने वहीत लिहूनही ठेवलं होतं. तेव्हा तिचे डोळे मुलांवर नव्हतेच, ते दिव्यांवर होते.

तिने ठरवलं असं म्हणता येणार नाही, तिचं तोंडच बंद झालं. प्रश्न विचारला होता, उत्तर आलं नव्हतं. ती फळ्याजवळ गप्प उभी राहिली.

वर्गात शिक्षकाचं गप्प बसणं किती जड असतं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पंख्याचा आवाज वाढल्यासारखा वाटतो. कानात बोंड सुरू झालं, ‘मौन. पुढे चला.’ थोड्या वेळाने पुन्हा, ‘मौन. गुण कमी होत आहेत. पुढे चला.’ अवंतीने बोंड काढून टेबलावर ठेवलं. मागे डॉ. काळमेघांनी मान वर केली.

मुलं चुळबुळली नाहीत. पण आता अवंती खरोखर त्यांच्याकडे पाहत होती, म्हणून तिला दिसलं. ओठ. सगळ्यांचे ओठ किंचित हलत होते, जेमतेम. दुसऱ्या रांगेतल्या पीहू इंगळेचे जरा जास्तच. अवंती बाकांमधून चालत गेली आणि तिच्याजवळ वाकली.

“...बे साती चौदा, बे आठी सोळा, बे नवे अठरा...”

“पीहू?”

पीहू दचकली. “मॅडम, बोला न,” ती पुटपुटली. “थांबू नका. तुमी थांबल्या का आमची लिंक तुटते.”

“पाढा कशाला म्हणतेस?”

“सगळेच म्हनतेत. मनातल्या मनात. बेचा पाढा पाठ रायते न, तं छातीत धडधड होत नाई, हात गार रायते. मंग दिवा हिरवा होते.”

“अगं, पण मग मी वाचत होते ते?”

“ते ऐकलं तं इचार येते,” पीहू एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तशी म्हणाली. “इचार आला का गडबड होते.”

अवंतीने पीहूच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. आकलक चुकत नव्हता. मुलांची मनं खरंच संथ होती, त्यांना खरंच काहीतरी नीट येत होतं. फक्त तो बेचा पाढा होता. यंत्राला नाडी कळत होती. नाडी कशाने शांत आहे, हे कळायची सोयच त्यात नव्हती.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला? तुमच्या वर्गाच्या सरांनी?”

“कोनं नाई,” मागे वळून गजू कुजबुजला. “आमीच शोधलं. पयलेच्या मेश्राम मॅडम गेल्या न, मंग.”

“त्या लय हसवत,” पीहू म्हणाली. “हसलं का दिवे बिघडत. पट्टी आमाले नाई दिसत, पन मॅडमचं तोंड तं दिसते. दिवे बिघडले का त्याइचं तोंड उतरे. मंग एक दिवस त्याईले काढूनच टाकलं. लय रडल्या त्या.” तिने अवंतीच्या ओढणीचं टोक धरलं. “तुमी चांगल्या आहा. तुमाले पास करायचं आमी ठरवलं हाय. तुमी फक्त बोलत राहा.”

“पुंडकर मॅडम, काही अडचण?” मागून डॉ. काळमेघांनी विचारलं.

“नाही सर.”

ती फळ्याकडे परत निघाली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते आणि संतापाने कानही तापले होते. राग कुणाचा, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ही एवढीशी पोरं आपल्या शिक्षकांची नोकरी सांभाळत होती! त्यासाठी त्यांनी हसू सोडलं, ऐकणं सोडलं, विचार करणं सोडलं, आणि हे सगळं मायेपोटी. आज ती पास होईल. उद्या ही पोरं दुसऱ्या मॅडमना पास करतील, मग तिसऱ्या. दहावीपर्यंत बेचा पाढा म्हणत सगळ्यांना पास करत राहतील, आणि भिंत हिरवीगार.

तिने भिंतीकडे पाहिलं. ती गप्प राहिल्यामुळे दोनचार दिवे पिवळे पडले होते. अजून वेळ गेली नव्हती. आत्ता बोलायला लागली असती तर सगळं सावरलं असतं. तिला अंगणातल्या त्या विटा आठवल्या. त्यासुद्धा कधी लाल दिवा दाखवत नसत.

तिने पुस्तक उचललं. चिकटलेलं पान तिने सोडवलं नाही.

“मुलांनो, आता मी पुन्हा वाचणार आहे. हळू वाचणार आहे. पाढा थांबवा.”

वर्गातले श्वास एकदम अडकले. पीहूने घाबरून तोंडावर हात ठेवला.

“मला काही होणार नाही,” अवंती म्हणाली. हे खोटं होतं. “पाखऱ्या म्हणजे बैल. केवढा बैल? दाराएवढा. शिंगं अशी. त्याने दावं तोडलं, बाजारातून धूम ठोकली ती थेट सलूनमध्ये शिरून खुर्चीवर अंग टाकलं.” ती थांबली. “‘बारीक कर,’ तो सलूनवाल्याला म्हणाला, ‘आणि मिशांना हात लावू नकोस.’”

ती गप्प झाली.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग पिवळे दिवे वाढत गेले. एक लाल झाला. मुलं एकमेकांकडे चोरून पाहायला लागली. पाहायची सवयच गेली होती त्यांची. आणखी एक लाल. डॉ. काळमेघ उठून उभे राहिले. अवंतीची जीभ शिवशिवत होती की काहीतरी बोल, समजाव, मदत कर. तिने दात आवळले.

गजूच्या नाकातून फुर्रर्र असा आवाज आला.

त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण ते आता दाबलं जाणार नव्हतं. त्याच्या शेजारचा फुटला, मग त्याच्या मागची, आणि बघता बघता आख्खी पाचवी ‘ब’ बाकांवर आडवी झाली. कुणी डोळे पुसतंय, कुणी बाक बडवतंय. भिंत लालेलाल झाली. टेबलावरचं बोंड किडा गुणगुणावा तसं एकटंच बोलत राहिलं, ‘वर्ग विचलित. वर्ग विचलित.’

“मॅडम,” हसता हसता गजू ओरडला, “बैलाले मिशा असते का?”

“मला काय माहीत? पुस्तकात लिहिलंय. तुला काय वाटतं?”

“नाई असत! गोठ्यात हाय न आमच्या! आन त्याचे शिंगं आरशात नाई का घुसनार?”

“तो खुर्चीत मावनच कसा?” दुसऱ्या कुणीतरी विचारलं.

“हा बैल नाईच मॅडम,” पीहू एकदम उभी राहिली. तिचं कपाळ आठ्यांनी भरलं होतं. तिचा दिवा लालभडक होता, आणि इतकी जागी ती आठवडाभरात दिसली नव्हती. “हा कोनी मानूस हाय. बैल बारीक कर म्हनन का? तुमच्याकून मधातलं काई सुटलं.”

“सुटलं,” अवंती म्हणाली. तिला रडू आवरेना आणि हसूही आवरेना. “पान सुटलं माझ्याकडून. मग त्या सुटलेल्या पानात काय असेल? पुस्तक उघडायचं नाही. तुम्ही सांगा.”

आणि मुलं सांगायला लागली. घरच्या भाषेत, एकमेकांना तोडत, चुकत. बाजारात बैलामागे धावणारी माणसं आली, उलटलेली कांद्यांची पाटी आली, कामचुकार भाऊ आला, तो तर पीहूनेच शोधून काढला. अवंती ऐकत होती, मध्येच “मग?” म्हणत होती आणि फळ्यावर त्यांचेच शब्द लिहीत होती. दोन वर्षं टाचणात ज्याला ‘विद्यार्थ्यांचा सहभाग’ म्हणून ती लिहीत आली होती, ते हे होतं तर.

“थांबा. पुरे झालं.”

डॉ. काळमेघ बाकांमधून पुढे आले. ते वाईट गृहस्थ नव्हते, आवाजही चढवला नाही त्यांनी. “पुंडकर मॅडम, मला वाईट वाटतं. सुरुवात अप्रतिम होती. पण नंतर संपूर्ण वर्ग विचलित. आकलकाने पाठ असमाधानकारक ठरवलाय. मला फक्त दुजोरा द्यायचाय.” त्यांनी पडदा दाखवला. खाली एक चौकोन लुकलुकत होता, त्यावर बोट ठेवलं की झालं. परीक्षकाला दुजोरा द्यायचा नसेल तर स्वतःच्या शब्दांत कारण लिहावं लागतं. असं कारण लिहिणारा परीक्षक अवंतीच्या ऐकण्यात नव्हता.

वर्गातलं हसू विझलं. पुन्हा हात बाकावर आले, पाठी ताठ झाल्या. एकदोन ओठ हलायलाही लागले.

“सर, एकच विचारते,” अवंती म्हणाली. “पहिल्यांदा वाचलं तेव्हा बैल सलूनमध्ये गेला. तुम्हाला तेव्हा काय वाटलं?”

“कोणता बैल?” डॉ. काळमेघ म्हणाले.

कुणी हसलं नाही. खोडकेबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. डॉ. काळमेघांनी फळ्यावरचं शीर्षक वाचलं, मुलांचे शब्द वाचले, मग हातातल्या पडद्याकडे पाहिलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“तुमचा दिवा हिरवा होता सर,” अवंती हळूच म्हणाली.

त्यांचं बोट चौकोनाजवळ आलं आणि तिथेच थांबलं.

तेवढ्यात पीहू बाकाबाहेर आली.

“सर, आमच्या या मॅडमले बी तुमी काढता का?”

डॉ. काळमेघांना उत्तर येतंय का, हे त्यांच्या दिव्यावर बघायला आख्खा वर्ग मागे वळला, आणि चालू तासिकेत मुलांना पहिल्यांदाच ती दिव्यांची पट्टी दिसली. तिच्या टोकाचा साहेबांचा एकटा दिवा हिरव्याचा पिवळा झाला, मग लाल झाला, आणि लालच राहिला. टेबलावरचं बोंड पुटपुटलं, ‘मौन. पुढे चला.’

अवंती जागची हलली नाही. प्रश्न विचारून झाला होता, आता तोंड मिटून थांबायचं होतं. पण उत्तर पोटातून वर येईपर्यंत साहेब त्या पोरांसमोर धीर धरणार होते, की लुकलुकणाऱ्या चौकोनावर बोट टेकवून मोकळे होणार होते?